डोक्याला शिक्का, पाय मात्र वाऱ्यावर

चाकण किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत सकाळच्या पाळीच्या वेळी कारखान्याच्या दारापाशी उभे राहिले, तर एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. कामगार दुचाकीवरून येतो. डोक्यावर हेल्मेट असते, कारण चौकात पोलीस असतो. पायात रबरी चप्पल असते. वाहनतळावर गाडी लावून तो चप्पल काढतो, पिशवीतले पोलादी टोपीचे सुरक्षा बूट चढवतो आणि मगच दारातून आत जातो. बुटांशिवाय त्याला आत सोडतच नाहीत. सायंकाळी हाच क्रम उलटा. बूट पिशवीत, पाय चपलेत आणि गाडी महामार्गावर, दोन मालमोटारींच्या मधून.

जमिनीला खिळलेल्या यंत्रापाशी ज्या पायाची एवढी काळजी, तोच पाय ताशी साठ किलोमीटरच्या वेगात उघडा टाकण्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. कामगाराला वाटत नाही, मालकाला वाटत नाही आणि ज्यांनी नियम करायचे त्या शासनालाही वाटत नाही. कारखान्यातील बुटासाठी 'आयएस १५२९८' हे भारतीय मानक आहे. त्याच्या सुरक्षा बुटाच्या पुढच्या टोपीने २०० ज्यूल ऊर्जेचा आघात सोसावा लागतो, म्हणजे वीस किलोचे वजन सुमारे एक मीटर उंचीवरून पायाच्या बोटांवर पडले तरी बोटे शाबूत राहावीत. हे मोजले जाते, त्यावर शिक्का उमटतो, शिक्का खोटा निघाला तर कारवाई होते. दुचाकीस्वाराच्या बुटासाठी मात्र आपल्या देशात असे कोणतेही बंधनकारक प्रमाणन नाही. 'रायडिंग बूट' हे दोन शब्द खोक्यावर छापले की काम झाले.

कायद्याने पाहिलेले आणि न पाहिलेले

दुचाकीस्वाराच्या सुरक्षेचा विचार आपल्या कायद्याने केलाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मोटार वाहन अधिनियम १९८८ मधील कलम १२९ हेल्मेट सक्तीचे करते. हेल्मेटसाठी 'आयएस ४१५१' हे मानक आहे. २०२० मध्ये केंद्र सरकारने गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि १ जून २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोच्या चिन्हावाचून दुचाकीस्वारांची हेल्मेट बनवणे व विकणे बेकायदा ठरवले. रस्त्याच्या कडेला दीडशे रुपयांत मिळणाऱ्या प्लास्टिकच्या टोपल्या अजूनही दिसतात ही गोष्ट वेगळी. पण निदान त्यांना बेकायदा म्हणता येते.

याच कायद्याखालील केंद्रीय नियमावलीत याहूनही कौतुकास्पद अशी एक तरतूद आहे. नियम १२३ नुसार प्रत्येक मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पायठेव आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे संरक्षण असलेच पाहिजे. हेतू हा की, मागे बसणाऱ्याचे वस्त्र चाकात अडकू नये. ज्याला सर्वत्र 'साडीगार्ड' म्हणतात ते हेच. पदर चाकात जाऊन स्त्रिया प्राणास मुकतात हे कोणीतरी डोळे उघडे ठेवून पाहिले आणि त्यावर इथलाच उपाय योजला. कुठल्याही परदेशी संहितेतून ही ओळ उतरून घेतलेली नाही. आपल्या रस्त्यावरून, आपल्या वेषातून आलेला हा नियम आहे. असा विचार एकदा करता येतो, तर पायाबाबत तो पुन्हा का करता येऊ नये?

त्याचे उत्तर आकडेवारीच्या स्वरूपात दडलेले आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती, आणि हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती. हे आकडे कोणत्याही युद्धाला लाजवणारे आहेत आणि हेल्मेटवर भर का, हे त्यांतून स्वच्छ दिसते. परंतु पायाच्या दुखापतीने सहसा माणूस मरत नाही. तो घरी बसतो. चुरडलेला घोटा, टाचेचे मोडलेले हाड, नडगीत घातलेली सळई, सहा महिने बिनपगारी रजा, सावकाराकडे ठेवलेले दागिने, आणि नंतर जन्मभराचे लंगडणे. मृत्यूच्या कोष्टकात याला रकाना नाही. ज्याला रकाना नाही, त्याला नियम नाही, अशी ही सरकारी रीत आहे.

वस्तुतः दुचाकीच्या अपघातात सर्वाधिक मार पायालाच बसतो, हे जगभर मान्य झालेले आहे. युरोपात १९९९-२००० या काळात ९२१ दुचाकी अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास झाला. 'मेड्स' या नावाने तो प्रसिद्ध आहे. त्यात नोंदल्या गेलेल्या एकूण दुखापतींपैकी सुमारे ३२ टक्के दुखापती पायांच्या होत्या. डोक्याचा क्रम त्यानंतर, हातांच्याही मागे होता. कारण समजायला फार बुद्धी लागत नाही. गाडी आडवी होते तेव्हा दीडशे किलोचे धूड आणि डांबर यांच्यामध्ये पहिल्यांदा सापडतो तो पाय. फूटरेस्टचा लोखंडी दांडा, तापलेला सायलेन्सर, साखळी, आरे, सारे त्याच्याच आसपास असते. मागे बसलेल्या लहान मुलांची टाच आऱ्यांत जाऊन सोलवटते, ही दुखापत तर आपल्याकडील अस्थिरोगतज्ज्ञांना इतकी परिचयाची आहे की तिला स्वतंत्र नावच पडले आहे.

बूट कसा तपासतात

या प्रश्नावर युरोपने काय केले ते पाहणे उद्बोधक आहे. अनुकरणासाठी नव्हे, तर अशी तपासणी शक्य आहे, हे कळण्यासाठी. मोटारसायकलस्वाराच्या संरक्षक पादत्राणांसाठी तेथे 'ईएन १३६३४' नावाचे मानक २००२ पासून आहे. त्याची २०१७ ची आवृत्ती चार गोष्टी मोजते आणि बुटावर प्रत्येकीसाठी एक आकडा छापते. आकडा १ म्हणजे किमान, २ म्हणजे वरची पायरी. पहिला आकडा उंचीचा, म्हणजे बूट घोट्याच्या वर कुठवर येतो त्याचा. दुसरा घासले जाण्याचा. तिसरा धारदार वस्तूच्या आघाताचा. चौथा, बूट आडवा दाबला तर किती चेपतो, याचा.

घासण्याची परीक्षा पाहण्यासारखी असते. केंब्रिज विद्यापीठातील डॉ. रॉडरिक वूड्स यांच्या संशोधनातून हे यंत्र आकाराला आले. खरखरीत कागदाचा पट्टा सेकंदाला आठ मीटर, म्हणजे ताशी सुमारे एकोणतीस किलोमीटर वेगाने फिरत असतो, आणि बुटाच्या चामड्याचा तुकडा त्यावर वरून सोडला जातो. आरपार भोक पडायला किती वेळ लागला ते घड्याळ सांगते. बुटाच्या मुख्य भागाला किमान पायरीसाठी पाच सेकंद टिकावे लागते, वरच्या पायरीसाठी बारा. जेथे धोका कमी, त्या भागाला अनुक्रमे दीड आणि अडीच सेकंद पुरतात. पाच सेकंद! ऐकायला किरकोळ वाटतात. परंतु घसरत जाणारा माणूस साधारणतः एवढ्याच वेळात थांबतो, आणि सुती मोजा किंवा कापडी बूट त्यातला फार थोडा वेळ काढतो.

चौथी परीक्षा सर्वांत बोलकी. बुटाचा तळ जिथे सर्वांत रुंद, तिथे दोन पोलादी पट्ट्यांमध्ये तो आडवा धरून दाबतात. तळ वीस मिलिमीटर आत चेपण्यास एक किलोन्यूटन, म्हणजे साधारण शंभर किलो वजनाइतका जोर लागला तर पहिली पायरी. दीड किलोन्यूटन लागला तर दुसरी. गाडीखाली सापडलेल्या चवड्याचे काय होणार, याचे हे प्रामाणिक मोजमाप आहे. बाजारातला कोणताही चकचकीत 'स्पोर्ट शू' हातात घेऊन अंगठा आणि तर्जनी यांच्यात त्याचा तळ दाबून पाहावा, उत्तर प्रयोगशाळेत जाण्याआधीच मिळेल.

याचा अर्थ युरोपचे मानक म्हणजे वेदवाक्य, असा मुळीच नाही. त्यात एक मोठी फट आहे. घोट्यावरचा आणि नडगीवरचा आघात सोसण्याची चाचणी या मानकात ऐच्छिक आहे! उत्पादकाने मागितली तर करायची, नाही तर नाही. ज्या सांध्याचा चुरा सर्वांत त्रासदायक, त्याची परीक्षा बूट बनवणाऱ्याच्या मर्जीवर. पाय पिरगळला तर बूट किती आवरेल, याचीही सक्तीची मोजणी त्यात नाही. चारही रकान्यांत दोनाचा आकडा मिळवलेला बूट घोट्यापाशी केवळ फोमच्या पातळ गादीवर निभावत असू शकतो. तेथील जाणते दुचाकीस्वार म्हणूनच चार आकड्यांच्या खाली 'आयपीए' ही तीन अक्षरे आहेत का, हे शोधतात. ती असली तर घोट्याची चाचणी झालेली असते.

आणि तेथील व्यापाऱ्यांनीही पळवाटा काढल्याच. वैयक्तिक संरक्षक साधनांसाठी १९८९ चा जो युरोपीय निर्देश होता, त्याच्या काळात कित्येक उत्पादक आपल्या मालाला 'संरक्षक' म्हणायचेच टाळत. तो केवळ मोटारसायकलवर घालायचा पोशाख आहे, संरक्षणाचा आमचा दावाच नाही, असा त्यांचा युक्तिवाद. दावा नाही, मग चाचणीही नाही. जाहिरातीतल्या चित्रात मात्र गुडघा जमिनीला टेकवून वळणारा शर्यतवीर! २१ एप्रिल २०१८ पासून 'नियमन २०१६/४२५' लागू झाले तेव्हा ही वाट बरीचशी बंद झाली. म्हणजे सुधारलेल्या म्हणवणाऱ्या समाजालाही व्यापाऱ्याच्या जिभेला लगाम घालायला जवळजवळ तीन दशके लागली.

'सीई'चा मंत्र

तीच पळवाट आता आपल्या बाजारात हमरस्ता झाली आहे. दुचाकीवरून लडाख गाठण्याचे वेड मध्यमवर्गीय तरुणांत पसरले, त्यामागून पोशाखाची बाजारपेठ आली, आणि तिच्यासोबत 'सीई सर्टिफाइड' हा मंत्र आला. आपल्या मुलाला बूट घेऊन देणारा बाप दुकानात ही दोन अक्षरे ऐकतो आणि निश्चिंत होतो. विलायती अक्षरे आहेत, म्हणजे काहीतरी खरेच असणार! स्वतःच्या देशाच्या शिक्क्याविषयी शंका आणि परक्या शिक्क्याविषयी श्रद्धा, ही जुनी व्याधी येथेही आहे. हॉलमार्क पाहिल्याशिवाय सोने न घेणारे घर या दोन अक्षरांपुढे एकही प्रश्न विचारत नाही.

वास्तविक 'सीई' ही अक्षरे नुसती काहीच सांगत नाहीत. ती खेळण्यावर असतात, चार्जरवर असतात, चष्म्यावर असतात. बूट मोटारसायकलस्वारासाठी तपासला गेला आहे, हे सांगणारी खूण निराळी आहे. आतल्या पट्टीवर मोटारसायकलस्वाराचे छोटे चित्र, मानकाचा क्रमांक व वर्ष, आणि ते चार आकडे. सोबत उत्पादकाचे नाव-पत्ता आणि माहितीपुस्तिका. यांतले काही नसेल, तर सीईचा उच्चार केवळ अलंकारिक समजावा.

याहून धूर्त प्रकार आणखी एक आहे. 'सीई आर्मर असलेले बूट', असे म्हटले जाते. आत घातलेल्या एखाद्या गादीच्या तुकड्याची चाचणी कुठेतरी झालेली असते. बुटाची झालेली नसते. चामडे दीड सेकंदात फाटेल की पंधरा, तळ हाताने दाबला जातो की नाही, शिवण उसवेल की टिकेल, याविषयी अवाक्षर नाही. कुलूप उत्तम आहे म्हणून दार भक्कम आहे, असे म्हणण्यातला हा प्रकार. खोटे काहीच बोललेले नसते, आणि ग्राहक मात्र पुरता फसलेला असतो.

युरोपीय संस्थेकडून रीतसर प्रमाणित करून घेतलेले बूट विकणारे भारतीय व्यावसायिकही आहेत, हे नमूद केलेच पाहिजे. त्यांची अडचण अशी की, पैसे खर्च करून परदेशात चाचणी करून घेणारा आणि नुसती अक्षरे छापणारा, हे दोघे दुकानाच्या एकाच फळीवर शेजारी शेजारी बसतात. दुसरा अर्थातच स्वस्त असतो. प्रामाणिकपणाला दंड लावणारी ही व्यवस्था आहे.

'आधीच सक्ती काय कमी आहे?'

या मागणीवर पहिला आक्षेप ठरलेला आहे. हेल्मेटसक्तीविरुद्ध पुण्यात जानेवारी २०१९ मध्ये लोक रस्त्यावर उतरले होते. आता बुटांचीही सक्ती करणार का? त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, चप्पल घालून दुचाकी चालवल्यास दंड होणार, अशी आवई समाजमाध्यमांतून उठली, आणि तसा काही नियम नाही, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या कार्यालयाला जाहीर करावे लागले. लोकांच्या धास्तीचे स्वरूप यावरून कळते. बेल्जियमने १ सप्टेंबर २०११ पासून घोटा झाकणारे बूट दुचाकीस्वारांना बंधनकारक केले आहेत. तो देश लहान, श्रीमंत आणि थंड हवेचा. मेच्या उन्हात अकोल्याच्या दूधवाल्यावर गुडघ्यापर्यंतचे बूट लादण्याचा विचार कोणी शहाणा माणूस करणार नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि ते मिळायलाच हवे होते. तिचा अभिमान बाळगावा आणि ती घालून चालावे. गाडीचा गिअर टाकण्यासाठी ती घडवलेली नाही, हे तिचा कारागीरही सांगेल.

तेव्हा प्रश्न घालणाऱ्यावर सक्ती करण्याचा नाहीच. सक्ती हवी ती विकणाऱ्यावर. जो आपल्या मालाला दुचाकीस्वाराचा बूट म्हणतो, त्याने ते सिद्ध करून दाखवावे, एवढेच. ज्याला साधा बूट विकायचा आहे त्याने साधा बूट म्हणून विकावा. यात कोणाच्या स्वातंत्र्यावर घाला येतो?

दुसरा आक्षेप किमतीचा. चाचणी आली की बूट महागणार, मग सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर जाणार. हा आक्षेप वजनदार आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. पण कारखान्यातला प्रमाणित सुरक्षा बूट आजही असंख्य कामगारांच्या पायांत आहे. आयएस शिक्का असलेली वस्तू सामान्याला परवडू शकते, याचा तो चालताबोलता पुरावा. मोठ्या प्रमाणावर उत्पादन झाले की किंमत उतरते; आणि जगात सर्वाधिक दुचाकी बनवणाऱ्या देशांत ज्याची गणना होते, त्या देशाला मोठ्या प्रमाणाची वाण कशी असेल? शिवाय ऑस्ट्रेलियात कॅनबेरा परिसरातील २१२ अपघातग्रस्त दुचाकीस्वारांचा जो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातून फार उपयोगी गोष्ट पुढे आली. मोटारसायकलसाठी न बनवलेले, पण भक्कम आणि उंच असे साधे बूटसुद्धा, कापडी किंवा हलक्या बुटांच्या तुलनेत दुखापतीची शक्यता लक्षणीय प्रमाणात घटवतात. तेव्हा सर्वांत वरच्या पायरीचा महागडा बूट प्रत्येकाच्या पायात हवा, असे कोणी म्हणत नाही. घोट्याच्या वर येणारा, तळ न दबणारा, बंद गिअरमध्ये न अडकणारे, उन्हात पाय न उकडणारा आणि कामगाराला परवडणारा असा खास इथला बूट कोणता, हे ठरवायला इथलेच मानक लागेल. ते ब्रुसेल्समध्ये कोणी लिहून देणार नाही.

तिसरा आक्षेप, आपल्याकडे ते करणार कोण? हा तर निव्वळ आळसाचा आक्षेप. चेन्नईत केंद्रीय चर्म संशोधन संस्था स्वातंत्र्याच्या पाठोपाठ १९४८ मध्ये उभी राहिली; चामड्यातले तिला न कळणारे फारसे काही उरलेले नाही. नोएडात पादत्राणांच्या अभिकल्पाची राष्ट्रीय संस्था आहे, आग्र्यात प्रशिक्षण संस्था आहे. पुण्याच्या टेकडीवर 'एआरएआय' १९६६ पासून देशातली वाहने तपासते आहे. जी माणसे इंजिनाचा धूर आणि ब्रेकचे अंतर मोजतात, त्यांना फिरता पट्टा आणि दाबयंत्र चालवणे अवघड जाईल काय? उणीव यंत्रांची नाही, पत्राची आहे. कोणीतरी अमुक मोजा, असे लेखी सांगावे लागते.

पादत्राणांसाठी २०२० मध्ये निघालेला गुणवत्ता नियंत्रण आदेश उद्योगाच्या विनंतीवरून वारंवार पुढे ढकलला गेला आणि २०२४ मध्ये कुठे मार्गी लागला. त्या यादीत खाणकामगाराचे बूट आहेत, दंगलनियंत्रणाचे बूट आहेत, खेळाडूंचे बूट आहेत. कोट्यवधी दुचाकी ज्या देशाच्या रस्त्यांवर धावतात, तेथील दुचाकीस्वाराचा बूट त्यात नाही. यादी करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरातही दुचाकी असेलच.

सुरुवात कोठून व्हावी, याचा मार्गही फारसा अवघड नाही. राज्याराज्यांची पोलीस दले गस्तीच्या मोटारसायकलींवर हजारो शिपाई रोज रस्त्यावर पाठवतात आणि त्यांचे बूट निविदा काढून विकत घेतात. या निविदांत चामड्याचा रंग, बंदांची लांबी आणि पॉलिशची झळाळी यांचा तपशील असतो. त्यात घासणे, चिरणे, चेपणे आणि घोट्यावरचा आघात या चार चाचण्यांची अट एकट्या महाराष्ट्राच्या गृह विभागाने पुढच्या खरेदीत घातली, तरी आग्रा, कानपूर आणि चेन्नईतले कारखानदार स्वतःहून प्रयोगशाळेच्या दारात रांग लावतील. तोवर मुलाला बूट घेऊन देणाऱ्या पालकाने दुकानदाराकडे आतली पट्टी उलटून दाखवण्याची मागणी करावी, आणि त्यावर ते चार आकडे नसतील तर खोके तसेच फळीवर परत ठेवावे.